पेशींचा श्वास आणि रंगाची साक्ष

शहापूर-मुरबाडच्या खाचरांतील भाताचें रोप आणि त्याची लावणी करणारी बाई, हीं दोघें एकाच रीतीनें श्वसन करतात असें कोणीं सांगितलें, तर श्रोत्यांपैकीं पुष्कळांस तें खरें वाटणार नाहीं. तथापि दोघांच्याहि पेशींत अन्नाचें ज्वलन करणारी मुख्य यंत्रणा मूलतः एकच आहे. ही गोष्ट उजेडांत आणण्यांत एका महाराष्ट्रीय विदुषीचा वांटा आहे. त्या म्हणजे कमला भागवत, विवाहानंतरच्या कमला सोहोनी.

१९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेकडे अर्ज केला. वडील व चुलते तेथेंच शिकलेले. परंतु संचालक सर चंद्रशेखर रामन यांनीं केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाईंनीं सत्याग्रह आरंभिला, तेव्हां एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर दार उघडलें. १९३६ सालीं एम्. एस्सी. होऊन पुढच्याच वर्षीं त्या केंब्रिजला गेल्या.

तेथें डेव्हिड कीलिन यांनीं १९२५ सालीं सायटोक्रोम या श्वसनांतील रंगद्रव्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. सायटोक्रोम-सी या द्रव्याला इलेक्ट्रॉन मिळाला कीं त्याचा गुलाबी रंग खुलतो, आणि वर्णपटाच्या हिरव्या भागांत, ५५० नॅनोमीटरजवळ, एक ठळक काळा पट्टा दिसूं लागतो. ऑक्सिडेज नांवाचें वितंचक, म्हणजेच एन्झाइम, तो इलेक्ट्रॉन काढून प्राणवायूला देतें, तेव्हां पट्टा पुसट होतो. पट्टा जितका झपाट्यानें पुसट होईल, तितकी वितंचकाची क्रिया अधिक. प्रयोगशाळांतून आजहि तें माप याच तत्त्वावर घेतात.

कमलाबाईंना बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम-सी आढळलें. रॉबिन हिल यांच्यासह ऑक्सिडेजविषयींचें टिपण त्यांनीं १९३९ सालीं 'नेचर'मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता व तो १४ महिन्यांत पुरा झाला. हें ज्वलन पेशींतील तंतुकणिकांमध्यें चालतें, हें केनेडी व लेनिंजर यांनीं १९४८ सालीं दाखविलें.

स्वदेशीं परतल्यावर कमलाबाईंनीं गरिबांच्या अन्नाकडे लक्ष वळविलें. मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत त्यांनीं नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवतींना नीरा हितकर ठरते, असें त्यांच्या संशोधनांत दिसून आलें. १९९८ सालीं त्या निवर्तल्या.

बंगलोरचें वर्ष संपलें, तेव्हां रामन यांचें समाधान झालें होतें. त्यानंतर त्या संस्थेंत स्त्रियांना प्रवेश मिळूं लागला.