कूस बदलताच खोली का फिरते? कानातल्या खड्यांची गोष्ट

सकाळी कूस बदलली आणि अख्खी खोली गरागरा फिरली, असा अनुभव अनेकांना येतो. मग ‘बीपी असेल’, ‘पित्त झालं असेल’, ‘मानेचे मणके असतील’ असे अंदाज सुरू होतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा बिघाड असतो तो कानात!

कान तोल कसा सांभाळतो?
प्रत्येक कानाच्या आतल्या भागात ३ अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव मात्र क्षणभर मागे राहतो. त्यामुळे आतल्या पेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात आणि डोकं कुठे, किती वेगानं वळलं हे मेंदूला कळतं. गिरक्या घेऊन थांबलो तरी हा द्रव थोडा वेळ हलत राहतो, म्हणून जग फिरतंय असं वाटतं.

नलिकांच्या शेजारी २ छोट्या पिशव्या असतात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात. डोकं कलणं, लिफ्ट वर जाणं, बसनं ब्रेक मारणं हे या खड्यांमुळे जाणवतं.

कानातल्या या यंत्रणेवरील कामासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चं नोबेल मिळालं. कान धुताना पाणी जास्त थंड किंवा गरम असेल तर रुग्णांना चक्कर येते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

बिघडतं काय?
वयोमानानं किंवा डोक्याला मार लागल्यानं काही खडे सुटतात आणि नलिकेत शिरतात. मग झोपताना, उठताना, वर बघताना ते घरंगळतात आणि द्रव हलवतात. कान सांगतो ‘फिरतोय’, डोळे सांगतात ‘नाही’. या आजाराला बीपीपीव्ही म्हणतात. यातली चक्कर बहुधा मिनिटभरात थांबते.

उपाय काय?
कान-नाक-घसा तज्ज्ञ कोणत्या कानात बिघाड आहे ते तपासतात आणि डोकं ठरावीक क्रमानं वळवून खडे परत पिशवीत आणतात. याला एप्ली पद्धत म्हणतात. अनेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. वयस्कर माणसांनी दुखणं अंगावर काढू नये. तोल जाऊन पडलं तर हाड मोडू शकतं.

हे मात्र लक्षात ठेवा
चक्करेसोबत बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं किंवा अजिबात चालता न येणं यापैकी काहीही झालं, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच रुग्णालय गाठा.