दलालाचें व्रत आणि शेजारधर्म

घर विकत घेणें हा मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यांतील बहुधा सर्वांत मोठा व्यवहार होय. परंतु ज्याच्या मध्यस्थीनें तो जुळून येतो, त्या दलालाविषयीं आपल्या मनांत आदर क्वचितच असतो. ‘दलाल’ या शब्दालाच आपल्या भाषेंत एक हिणकस छटा आली आहे. या धंद्याला प्रतिष्ठित व्यवसायाचें रूप देण्याचा एक मोठा प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत झाला. नव्यानें धंद्यांत पाऊल टाकणारानें काय शिकावें आणि कोणाशीं कसें वागावें, याचा तेथें बारकाईनें विचार झाला. त्या प्रयत्नाचें यश आणि त्यांतच लपलेला अन्याय हीं दोन्ही आज आपणांस मननीय आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिकागो, मिनिआपोलिस, लॉस एंजेलिस यांसारखीं शहरें झपाट्यानें वाढत होतीं. आगगाडीचा नवा फांटा जेथें जाई तेथें माळरानाचे प्लॉट पडत आणि त्यांच्याबरोबर दलालहि उगवत. दलाल होण्यास भांडवल लागत नसे, शिक्षण लागत नसे; परवाना तर नव्हताच. कचेरी नसलेले दलाल भर रस्त्यांत गिऱ्हाईक गांठीत. त्यांना ‘कर्बस्टोनर’, म्हणजे पदपथाच्या दगडावरचे दलाल, असें उपहासानें म्हणत. मालक एकच घर अनेक दलालांना सांगून ठेवी. जो आधीं गिऱ्हाईक आणील त्याला दलाली, इतरांचे श्रम फुकट. अशा चढाओढींत घराचें गळकें छप्पर दाखवीत बसणारा मागें पडे आणि तें झांकणारा पुढें जाई. दोष केवळ माणसांच्या स्वभावाचा नव्हता. व्यवहार पुरा झाला तरच मेहनताना, या रचनेंतच मोहाचें बीज होतें.

या स्थितीला कंटाळलेल्या दलालांनीं १९०८ च्या मे महिन्यांत शिकागो येथें एक राष्ट्रीय संघ स्थापिला. आरंभीं त्यांत १९ स्थानिक मंडळें व सुमारें १२० संस्थापक सभासद होते. १९१३ मध्यें संघानें आपली नीतिसंहिता तयार केली. पुढें मिनिआपोलिसच्या चार्ल्स चॅडबोर्न या दलालानें सभासदांपुरता ‘रिअल्टर’ हा नवा शब्द सुचविला व १९१६ मध्यें संघानें तो स्वीकारला. एका दलालानें गरीब विधवेला नागविल्याची बातमी वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत वाचून, लफंगे व सज्जन यांना एकच नांव नसावें असें त्याच्या मनांत आलें, अशी आख्यायिका आहे.

नांवापाठोपाठ कायदा आला. कॅलिफोर्नियानें १९१७ मध्यें दलालांना परवाना सक्तीचा केला. तो कायदा न्यायालयांत टिकला नाहीं, तेव्हां १९१९ मध्यें दुसरा करण्यांत आला. मग विद्येनेंहि हात दिला. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड एली यांनीं १९२० मध्यें विस्कॉन्सिन विद्यापीठांत भूमि-अर्थशास्त्राच्या संशोधनाची संस्था काढली, आणि तिच्या साहाय्यानें दलालांसाठीं पाठ्यक्रम तयार होऊं लागले. मालकीचा दस्त कसा पारखावा, गहाणाचा बोजा कसा शोधावा, घराचें मोल कोणत्या तत्त्वांवर ठरवावें, हें नवशिक्या दलाल आतां पुस्तकांतून शिकूं लागला. १९२२ मध्यें सिंक्लेअर लुइस या कादंबरीकारानें ‘बॅबिट’ हा आत्मसंतुष्ट रिअल्टर रंगवून या प्रतिष्ठेची थट्टा केली. पण थट्टा करण्याइतकी प्रतिष्ठा त्या धंद्याला लाभली होती, हेंहि त्यावरून दिसतें.

येथपर्यंतची कथा प्रगतीची आहे. परंतु १९२४ मध्यें संहितेची फेररचना झाली, तेव्हां तींत एक कलम घालण्यांत आलें. ज्या वंशाच्या वा राष्ट्राच्या लोकांच्या वास्तव्यानें वस्तींतील घरांच्या किंमती निश्चित घसरतील, अशांना तेथें शिरकाव मिळवून देण्यास रिअल्टरनें कधींहि साधन होऊं नये, असा त्याचा आशय होता. खोटें बोलूं नये, सहव्यवसायिकाचें गिऱ्हाईक पळवूं नये, या नियमांच्याच पंक्तींत हा नियम बसला. कृष्णवर्णीय कुटुंबाला चांगल्या वस्तींतील घर दाखविणें हा प्रमाद ठरला, आणि न दाखविणें हें कर्तव्य!

लबाड दलालानें विधवेला नागविलें तर निदान लोक त्याला लबाड म्हणत. पण परवाना घेतलेला, सचोटीचा, अभ्यासू दलाल जेव्हां नम्रपणें ‘त्या भागांत घर शिल्लक नाहीं’ असें सांगे, तेव्हां त्याला दोष देणारें त्याच्या समाजांत फारसें कोणी नव्हतें. घर हीच बहुतेक कुटुंबांची संचित मालमत्ता असल्यामुळें ज्याला घर नाकारलें, त्याच्या मुलाबाळांचा वारसाहि नाकारला गेला.

या संघाच्या मंडळांचीं दारें कृष्णवर्णीय दलालांना बहुतेक ठिकाणीं बंद होतीं. म्हणून १९४७ मध्यें फ्लॉरिडांतील टँपा येथें त्यांनीं आपला स्वतंत्र राष्ट्रीय संघ स्थापिला. पुढच्याच वर्षीं, सेंट लुइस येथील शेली कुटुंबाच्या खटल्यांत, वंशावरून घर विकण्यास बंदी करणाऱ्या करारांची अंमलबजावणी न्यायालयांना करतां येणार नाहीं, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दिला. १९५० मध्यें संहितेंतून वंशाचा उल्लेख गाळण्यांत आला. रीत मात्र चालूच राहिली. घरांच्या व्यवहारांतील भेदभाव निषिद्ध करणारा कायदा १९६८ च्या एप्रिलांत, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरांत झाला. रिअल्टर संघाच्या अध्यक्षांनीं या पूर्वेतिहासाबद्दल जाहीर क्षमा मागितली ती २०२० मध्यें.

आपल्याकडेहि या धंद्याला आतां नियमांची चौकट मिळाली आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें, नोंदणीकृत प्रकल्पांतील घरें विकून देणाऱ्या दलालाला स्वतःची नोंदणी आवश्यक केली. आणि २०२३ मध्यें महाराष्ट्राच्या नियामक प्राधिकरणानें दलालांसाठीं प्रशिक्षण व परीक्षा यांची अट घातली. हें स्तुत्यच आहे. दस्त वाचतां येणें, चटईक्षेत्र समजणें, हें नवशिक्या दलालाला अवश्य आहे. परंतु धंद्याच्या पहिल्याच आठवड्यांत त्याला असा घरमालक भेटण्याचा संभव आहे, कीं जो भाडें व अनामत सांगून झाल्यावर आवाज खालीं आणून ‘अमक्या लोकांना मात्र घर दाखवूं नका’ असें म्हणेल. मग एखादें कुटुंब आडनांव सांगतांच ‘घर कालच गेलें’ असें उत्तर मिळेल. त्या उत्तरानें दलाली बुडत नाहीं, मालक नाराज होत नाहीं, आणि परीक्षेंतील एकहि गुण कमी होत नाहीं.

अमेरिकेंतील तें कलम दलालांनीं लिहिलें हें खरें. पण शेजारीं कोण नको हें त्यांना सांगणारे घरमालक होते. त्यांतील बहुतेक सुशिक्षित, सभ्य आणि मुलाबाळांच्या हिताची चिंता वाहणारे गृहस्थ होते. दलालाच्या नीतीची चौकशी करण्यापूर्वीं त्याच्या कानांत आपण काय सांगतों, हें प्रत्येक घरमालकानें एकदां आठवून पाहावें.