कान तेवढे बरोबर घ्या

१९६९चा उन्हाळा. उत्तर लंडनमधल्या हायबरीत तुम्ही उभे आहात. समोर चर्चचं जुनं सभागृह आहे, आता तिथे वेसेक्स नावाचा स्टुडिओ चालतो. दार ढकला, आत या आणि भिंतीला टेकून गप्प उभे राहा.

आत किंग क्रिमसन या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचं रेकॉर्डिंग चाललंय. ही पाच पोरं जानेवारीत पहिल्यांदा एकत्र सरावाला बसली. जुलैत त्यांनी हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सच्या आधी अफाट गर्दीसमोर वाजवलं. मूडी ब्लूजच्या निर्मात्याबरोबर सुरू केलेलं काम त्यांनी मध्येच सोडलं आणि आता पहिलाच अल्बम ते स्वतः निर्माते होऊन करताहेत.

इयन मॅकडोनाल्ड ज्या अवजड वाद्यापुढे बसलाय, तो मेलोट्रॉन. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत आहे. पट्टी दाबली की फीत पुढे सरकते आणि तिच्यावर आधीच मुद्रित केलेली व्हायोलिनं ऐकू येतात. साधारण आठ सेकंदांत फीत संपते. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे ओढून घेते. म्हणजे या वाद्यावर हवा तितका वेळ सूर धरता येत नाही. संपायच्या आत बोट हलवावंच लागतं. ‘एपिटाफ’ या गाण्यातलं ते आभाळभर पसरलेलं दुःख अशा संपत आलेल्या फितींतून उभं राहतंय. मॅकडोनाल्डच्या हातांकडे नीट बघून घ्या, कारण वर्ष संपायच्या आत त्याचं आणि ड्रमवाल्या मायकेल जाइल्सचं बँड सोडायचं ठरणार आहे.

‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’ हा अल्बम १० ऑक्टोबरला बाहेर येईल. त्यावरचा किंचाळणारा लाल चेहरा बॅरी गॉडबर या कम्प्युटर प्रोग्रॅमरने रंगवलाय. पुढच्या फेब्रुवारीत हृदयविकाराने तो जाईल, अवघ्या २४व्या वर्षी.

तीन वर्षं पुढे सरका. १९७२, लंडनमधलाच अ‍ॅडव्हिजन स्टुडिओ. इथे जरा ठाण मांडून बसा, कारण मला या सगळ्या प्रवासात सर्वांत प्रिय असलेली खोली ही आहे. येस बँड ‘क्लोज टू द एज’ रचतोय. शीर्षकगीत अठरा मिनिटांहून मोठं असेल, तबकडीची एक अख्खी बाजू. पण ते सलग कुणी वाजवत नाहीये. थोडा तुकडा बसवायचा, मुद्रित करायचा, मग पुढचा तुकडा. रोज उठून काल आपण नेमके कुठे थांबलो होतो ते आठवायचं. ध्वनिमुद्रक एडी ऑफर्ड ब्लेडने टेप कापतो आणि चिकटवतो. कीबोर्डवादक रिक वेकमनचा ऑर्गन मात्र या खोलीत मावणारा नव्हे. तो बार्बिकनजवळच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये जाऊन मुद्रित केला गेला.

आता जागचे हलू नका, कारण खोलीत गोंधळ उडालाय. टेपचा एक नेमका हवा असलेला तुकडा सापडत नाही. सफाईवाल्या बाईंनी तो कचरा समजून टाकून दिला. सगळे बाहेर पळतात, कचऱ्याचे डबे उपसतात आणि तो तुकडा मिळतो. पुसून, झटकून तो जागच्या जागी बसतो. उद्या तुम्ही हे गाणं ऐकाल तेव्हा त्यातले काही क्षण कचऱ्यातून परत आलेले असतील. पहिल्या मिनिटातल्या पाण्याच्या आणि पाखरांच्या आवाजांवर गिटार कोसळते, त्या क्षणी हे आठवा. काम संपताच ड्रमवाला बिल ब्रुफर्ड येस सोडून किंग क्रिमसनमध्ये जाईल. बँड यशाच्या शिखरावर असताना तो निघतोय आणि मला त्याचं हे धाडस थोर वाटतं.

इथवर तुम्ही वाजवणारे पाहिलेत. आता ऐकणाऱ्यांकडे वळा. माझं ठाम मत आहे की हे संगीत जिवंत राहिलं ते त्यांच्यामुळे.

१९७०च्या दशकाच्या मध्यावर, नाताळात, हेमेल हेम्पस्टेडमधल्या एका घरात शिरा. आईवडिलांनी एकमेकांना रेकॉर्ड भेट दिल्यात. आईला डोना समर, वडिलांना पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’. त्यातलं ‘मनी’ सात मात्रांत चालतं आणि गिटारच्या सोलोला चारांत उतरतं. घरातलं पोर हे सगळं पुन्हा पुन्हा ऐकतंय. त्याचं नाव स्टीव्हन विल्सन. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

समुद्रापलीकडे टोरंटोत १९७६ उजाडलंय. रश या त्रिकुटाचा आधीचा अल्बम ‘कॅरेस ऑफ स्टील’ आपटलाय. लहान, रेडिओवर वाजतील अशी गाणी करा, असा कंपनीचा दबाव आहे. तिघांनी उत्तर म्हणून वीस मिनिटांचं ‘२११२’ पहिल्या बाजूवर ठेवलं. ते तुफान चाललं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तुम्ही दहाएक वर्षं पुढे, रशच्याच तिकिटांच्या रांगेत उभे राहा. बॉस्टनच्या बर्कली कॉलेजातली तीन पोरं कॅसेटवर ‘बॅस्टील डे’ ऐकताहेत. त्याचा शेवट कसा राजेशाही आहे, असं त्यांच्यातला माइक पोर्टनॉय म्हणतो आणि तिघांच्या बँडला ‘मॅजेस्टी’ हे नाव मिळतं. ‘बॅस्टील डे’ हे त्या आपटलेल्या ‘कॅरेस ऑफ स्टील’मधलंच पहिलं गाणं. बाजाराने टाकून दिलेली तबकडी या पोरांनी जिवापाड ऐकली होती. मॅजेस्टीचाच पुढे ड्रीम थिएटर झाला. १९९२चा ‘इमेजेस अँड वर्ड्‌स’ त्यांना घरोघरी घेऊन गेला, पण मला १९९९चा ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ कितीतरी श्रेष्ठ वाटतो. अख्खी कादंबरी पेलण्याइतका दम त्यात आहे.

आता गोथेनबर्ग, २०००. फ्रेडमन स्टुडिओत स्वीडनचा ओपेथ हा बँड ‘ब्लॅकवॉटर पार्क’ हा अल्बम मुद्रित करतोय. हे नावच बँडचा गायक मिकाएल ओकरफेल्टने १९७०च्या दशकातल्या, जवळपास विसरल्या गेलेल्या एका जर्मन बँडवरून घेतलंय. तोही आधी ऐकणारा, मग वाजवणारा. त्याच्या गळ्यातून खर्जातली डरकाळी निघते आणि पुढच्या कडव्यात तोच गळा इतका कोवळा होतो की माणूस एकच आहे यावर विश्वास बसत नाही. काचेपलीकडे निर्माता म्हणून कोण बसलंय बघा. हेमेल हेम्पस्टेडच्या घरातलं तेच पोर. ‘ब्लीक’ या गाण्यात विल्सनचा आवाजही आहे.

त्याच माणसाच्या मागोमाग आणखी पुढे चला. २००९ साली किंग क्रिमसनच्या त्या पहिल्या अल्बमच्या मूळ टेप त्याच्या हाती येतात, २०१३ साली ‘क्लोज टू द एज’च्या. प्रत्येक वाद्य सुटं करून तो त्यांचं नव्याने मिश्रण करतो. मूळ मिश्रण शेजारी लावून पडताळत राहतो, कारण आपली छाप उमटवणं हा त्याचा हेतूच नाही. झाकलेलं उघडं करायचं, एवढंच. त्याच २००९च्या डिसेंबरात तो पवईला, आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात, पॉर्क्युपाइन ट्री हा आपला बँड घेऊन आला. २०१६च्या डिसेंबरात पुण्यात, एनएच७ वीकेंडरला, स्वतःच्या नावाने वाजवून गेला. तुमच्यापैकी काही जण त्या गर्दीत असतीलही.

आता घरी या आणि एक काम करा. एका रात्री ‘क्लोज टू द एज’ १९७२च्या मिश्रणात ऐका, दुसऱ्या रात्री २०१३च्या. फोन लांब ठेवा, मध्ये थांबू नका. घरात चौदा-पंधरा वर्षांचं कुणी असेल तर त्यालाही शेजारी बसवा.