एका तबकडीचे कूळ

बोटीवरच्या नोकरीत हयात घालवलेल्या काकांनी बंदरोबंदरी जमवलेल्या आणि मालवणच्या घराच्या माळ्यावर जुन्या दप्तरांप्रमाणे बांधून ठेवलेल्या तबकड्यांतून यंदाच्या आषाढात ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराची १९७८ सालची ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ हाती आली. वेष्टनावरची बुरशी पुसून ती लावली. तिच्यातील एका रचनेत केवळ मानवी स्वर आहेत. प्रत्येक स्वर वेगळ्या लांबीच्या फितीवर, एक २३.५ सेकंदांनी, दुसरा सुमारे २६, तिसरा सुमारे ३० सेकंदांनी परत येतो, आणि त्यांची गाठ दर वेळी निराळ्या ठिकाणी पडते. त्या लांबलचक फिती म्हणे ध्वनिमुद्रणालयातील खुर्च्यांच्या पायांभोवती फिरवल्या होत्या!

या संगीताची जन्मकथा १९७५ सालची. अपघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या ईनोला एका मैत्रिणीने हार्पवादनाची तबकडी आणून दिली. ती कशीबशी लावून तो आडवा झाला, तो आवाज अतिमंद आणि एक कर्णा बंद. परंतु पुन्हा उठण्याचे त्राण नसल्याने ते अर्धेमुर्धे स्वर बाहेरच्या पावसात मिसळलेलेच त्याला ऐकावे लागले.

कूळ मात्र याहून जुने आहे. ईनोने ज्याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले, त्या ला माँट यंग या अमेरिकन रचनाकाराला अलीअकबर खाँसाहेबांच्या १९५५ सालच्या तबकडीतून तंबोरा भेटला आणि १९७० पासून तो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थायिक झाले होते. त्याच मिरजेत शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांच्या वंशजांनी तंबोऱ्याच्या भोपळ्याला कंठ दिला. घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर पुढेमागे सरकवीत कारागीर जवारी लावतो, आणि एका क्षणी खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार उमटतो. माझ्या मते या साऱ्या संथ संगीताचा मूळपुरुष तो गंधारच होय.

रात्री तबकडी पुन्हा लावली, या वेळी अगदी हळू. ओटीवर बसलो होतो. नळ्यांच्या पागोळ्या, प्रत्येक आपल्या लयीने, अंगणातल्या चिऱ्यावर पडत होत्या. बाजू केव्हा संपली ते कळले नाही. सुई शेवटच्या खाचेत फिरत राहिली होती.