वाचन मंदिराची शिल्लक

आपल्या चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. वर्गणी, देणग्या आणि १९६७च्या ग्रंथालय कायद्यानुसार मिळणारं अनुदान, यांवर अशा संस्थांचं वर्ष निभावतं. अनुदान येईल तेव्हा येतं. पगार मात्र दरमहा. म्हणून गंगाजळी लागते. ती बँकेत, पोस्टात किंवा सरकारी रोख्यांत ठेवावी, असं १९५०च्या विश्वस्त कायद्याचं कलम ३५ सांगतं. २२ जुलै २०२१च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी वाचनालयात शिरलं. बँकेतली ठेव कुठे भिजते? भिजली ती पुस्तकं, आणि जुनी पुस्तकं पैसे टाकूनही मिळत नाहीत. कायम निधीचं फक्त व्याज खर्चता येतं, मुद्दल नाही. माझं मत, आपल्या बॅचची देणगी कायम निधीत अडकवू नये. पाणी ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी मोडता येईल अशी राखीव ठेवावी.