वेगदेवतेस अर्पण

जुन्या इंजिनातून अधिक अश्वशक्ती काढण्याचे मार्ग मोजकेच : सिलिंडर मोठा करावा, इंधन-हवेचे मिश्रण अधिक दाबावे, फेरे वाढवावेत. मात्र वाढलेला ताण धातूला सोसावा लागतो. या विद्येचा इतिहास म्हणूनच मोडतोडीचाही इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिलच्या बर्ट मन्रो यांनी १९२० साली ‘इंडियन स्काउट’ ही मोटारसायकल घेतली. तिचे ६०० सीसीचे इंजिन ताशी सुमारे ५५ मैल वेग देई. मन्रो यांनी पिस्टन घरीच ओतले, बाजूच्या झडपा सिलिंडरच्या माथ्यावर नेल्या आणि क्षमता ९५० सीसीपर्यंत वाढवली. वाटेत जे भाग फुटले, ते त्यांनी फळीवर मांडून ठेवले व तेथे वेगदेवतेस अर्पण केल्याचे लिहिले.

१९६७ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यांनी १००० सीसीखालील गटात ताशी सुमारे १८४ मैलांचा विक्रम केला. त्या इंजिनात १९२०चे फार थोडे उरले होते. तरीही ते आम्ही जुनेच मानतो; कारण त्याचा प्रत्येक नवा भाग आधीच्या भागाने जिथे हार मानली, तिथूनच घडत गेला होता.