पावतीवरचे शब्द : थकलेले भाडे आणि ताब्याचा दावा

‘भरून पावलो’ हा शब्दप्रयोग आज आपण कृतार्थतेच्या अर्थाने करतो. देवघेवीच्या कागदांत मात्र त्याला रोकडा अर्थ आहे. जुन्या खरेदीखतांत ‘रक्कम रोख भरून पावलो, तक्रार नाही’ असे लिहिले जाई आणि त्या व्यवहारापोटी आता कोणतेही मागणे उरले नाही, असे त्यावरून ठरे. हेच शब्द घरभाड्याच्या पावतीवर आले म्हणजे प्रश्न निर्माण होतो. घरमालकाने जागा रिकामी करण्याची नोटीस दिलेली आहे, आणि भाडेकरू थकबाकीपैकी काही रक्कम घेऊन दाराशी आला आहे. ती रक्कम घ्यावी की परत करावी? घेतल्यास पावतीवर काय लिहावे? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ न्यायालयांत खल झाला आहे.

वाचनालयाच्या शतसांवत्सरिक ग्रंथात हा विषय काहींना परका वाटेल. परंतु आपल्याकडील अनेक जुन्या सार्वजनिक संस्थांच्या तळमजल्यावर भाड्याने दिलेले गाळे असतात; त्यांच्या भाड्यातून नियतकालिकांची वर्गणी भरली जाते आणि सेवकांचे वेतन निघते. दुसरीकडे आपल्या सभासदांपैकी कितीतरी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या भाड्याच्या घरांत राहिली आहेत. तेव्हा या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे आहेत.

प्रश्नाचे कायदेशीर मूळ १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात आहे. मुंबई इलाख्याला, म्हणजे तेव्हाच्या बेळगावलाही, तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याच्या ११३ व्या कलमात एक बोलके उदाहरण दिले आहे. मालकाने जागा सोडण्याची नोटीस दिली, तिची मुदत संपली, आणि मुदतीनंतरच्या काळाचे भाडे भाडेकरूने देऊ केले व मालकाने ते स्वीकारले, तर मालकाने नोटीस सोडून दिली असे समजावे. यामागचा तर्क सरळ आहे. भाडे हे भाडेकरारापोटी मिळते. करारच संपला असेल तर भाडे कशाचे? ज्याने ‘भाडे’ म्हणून पैसे घेतले, त्याने करार चालू असल्याचे आपल्या कृतीने मान्य केले.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. नोटिशीची मुदत संपण्यापूर्वी थकलेले भाडे हे जुने ऋण आहे. ते वसूल केल्याने नोटीस बाद होत नाही. बाध येतो तो मुदतीनंतरच्या काळाचे भाडे घेतल्यामुळे. करारभंगामुळे भाडेपट्टा जप्त झाला असेल तर ११२ वे कलम लागू होते. तेथे तर स्पष्टच म्हटले आहे की, ताब्याचा दावा दाखल झाल्यानंतर भाडे स्वीकारले तरी मालकाने आपला हक्क सोडला असे होत नाही. ११४ व्या कलमाने भाडेकरूलाही दिलासा दिला. केवळ भाडे थकल्यामुळे पट्टा जप्त झाला असेल आणि सुनावणीच्या वेळी त्याने थकबाकी, व्याज व दाव्याचा संपूर्ण खर्च दिला, तर न्यायालय त्याला बेदखल होण्यापासून वाचवू शकते.

पहिल्या महायुद्धाने हे चित्र पालटले. मुंबईत घरांची टंचाई झाली, भाडी वाढू लागली आणि १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. पुढे १९३९, १९४४ आणि अखेरीस १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा अशी ही परंपरा आहे. १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे सामान्यतः प्रमाण भाडे मानले, आणि भाडेकरू ते देत आहे अथवा देण्यास तयार व राजी आहे तोवर मालकाला ताबा मिळणार नाही असे ठरवले. म्हणजे करार संपला तरी कायद्याच्या आधाराने भाडेकरू जागेत राहू लागला. अशा भाडेकरूकडून मालकाने दरमहा रक्कम घेतली, तर ती राजीखुशीने घेतली असे कसे म्हणावे? दुसरा मार्गच त्याला मोकळा नव्हता.

हा विचार १९४९ साली फेडरल कोर्टाने कपाडिया विरुद्ध वॉर्डन या मुंबईच्या प्रकरणात मांडला. सर्वोच्च न्यायालयाने तो १९६१ मध्ये गंगा दत्त मुरारका यांच्या प्रकरणात आणि १९७२ मध्ये भवानजी लखमशी यांच्या प्रकरणात दृढ केला. कायद्याच्या संरक्षणामुळे ज्याला हलवता येत नाही, त्याच्याकडून भाडे घेतल्याने नवा करार जन्माला येत नाही, हे त्यांचे सार होय.

मात्र ज्या कायद्यांनी भाडेकरूला आश्रय दिला, त्यांनीच अपुऱ्या रकमेच्या बाबतीत कठोर भूमिका घेतली. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेले; पण जुन्या मुंबई भागात मुंबईचाच कायदा पुढे काही वर्षे चालू राहिला. त्याची जागा १९६१ च्या म्हैसूर भाडेनियंत्रण कायद्याने घेतली, जो पुढे कर्नाटकाचा म्हणून ओळखला गेला. त्यातील २१ व्या कलमाचे शब्द महत्त्वाचे आहेत. मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत भाडेकरूने कायद्याने वसुलीयोग्य अशी ‘संपूर्ण’ थकबाकी दिली किंवा देऊ केली नाही, तर मालकाला ताबा मागता येई. त्याच वर्षीच्या मध्य प्रदेशच्या कायद्यातही दोन महिन्यांची हीच मुदत आणि हाच ‘संपूर्ण’ शब्द आहे. तेव्हा इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या बांधवांना तो अपरिचित नसावा. दहा महिन्यांपैकी आठ महिन्यांचे भाडे नेऊन दिलेल्या भाडेकरूला आपण बहुतेक देणे फेडले असे वाटे. कायद्याच्या दृष्टीने तो अजून थकबाकीदारच होता. शिवाय कर्नाटकाच्या २९ व्या कलमानुसार सर्व थकबाकी भरल्याखेरीज आणि दाव्याच्या काळातील भाडे नियमित भरत राहिल्याखेरीज त्याला दावा लढवता येत नसे. पुरेसे कारण दाखवले नाही तर न्यायालय पुढचे कामकाज थांबवून ताबा देण्याचा हुकूम करी.

अपुरी रक्कम नेमकी कोणत्या महिन्यांच्या खात्यात जमा व्हावी, याचा नियम याहून जुना, म्हणजे १८७२ च्या करार अधिनियमात आहे. ऋणकोने रक्कम कशापोटी आहे हे सांगितले आणि धनकोने ती स्वीकारली, तर ती त्याच खात्यात जमा धरावी लागते. त्याने काहीच सांगितले नाही तर निवड धनकोची. दोघेही गप्प राहिले तर सर्वांत जुने देणे प्रथम फिटते. समजा, भाडे दरमहा ४० रुपये आहे, १० महिने थकले आहेत आणि सातव्या महिन्याअखेर नोटिशीची मुदत संपली आहे. भाडेकरूने १२० रुपये आणले. ते ‘पहिल्या तीन महिन्यांचे’ म्हणून घेतले तर जुने ऋण फिटले. ‘शेवटच्या तीन महिन्यांचे भाडे’ म्हणून घेतले तर नोटीस सोडून दिल्याचा युक्तिवाद करण्यास जागा झाली. रक्कम तीच, फरक केवळ पावतीवरच्या ओळीचा! मनिऑर्डरीच्या काळात कूपनावर ‘अमुक महिन्याचे भाडे’ असे लिहिण्याची जी पद्धत होती, तिचे महत्त्व यावरून कळेल. मालकाने मनिऑर्डर नाकारली तर तो शेरा भाडेकरूच्या तयारीचा पुरावा होई.

यास्तव वकील मंडळींनी ‘हक्कास बाध न येता’ ही शब्दयोजना रूढ केली, आणि ‘भाडे’ याऐवजी ‘जागेच्या वापराबद्दल भरपाई’ असे लिहिण्याचा प्रघात पडला. न्यायालयांनी मात्र शब्दांइतकेच हेतूलाही महत्त्व दिले. नोटीस सोडून देण्यास दोन्ही पक्षांची संमती लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली टंकीवाला यांच्या प्रकरणात सांगितले. सरूप सिंग गुप्ता यांच्या २००६ च्या प्रकरणात तर ते अधिक स्पष्ट झाले. भाडेकरू जागा वापरीत असताना मालकाने दरमहा रक्कम घेतली, तेवढ्याने त्याने नोटीस सोडली असे होत नाही. करार चालू ठेवण्याचा हेतू दर्शवणारी आणखी काही कृती दिसली पाहिजे. दावा चालवीत असलेल्या मालकाने उपाशी राहावे अशी कायद्याची अपेक्षा नाही.

ताब्याचा हुकूमनामा झाल्यानंतरचा टप्पा निराळा आहे. हुकूमनाम्याची बजावणी सामान्यतः १२ वर्षांपर्यंत करता येते. त्या काळात मालकाने काही रक्कम घेऊन भाडेकरूला राहू देण्याचे बाहेरच्या बाहेर ठरवले, तर ती तडजोड न्यायालयात नोंदवून घ्यावी लागते. न नोंदवलेली तडजोड बजावणी करणारे न्यायालय विचारात घेत नाही. तोंडी आश्वासनावर विसंबलेल्या भाडेकरूची फसगत होते ती येथे. आणि अपिलात स्थगिती मागणाऱ्या भाडेकरूने हुकूमनाम्यानंतरच्या काळासाठी जुने नाममात्र भाडे न देता बाजारभावाने वाजवी भरपाई द्यावी, असा आदेश न्यायालय देऊ शकते, हे २००४ च्या आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरणात ठरले.

कर्नाटकात १९९९ चा नवा भाडे कायदा २००१ च्या अखेरीस अमलात आला आणि चौदा चौरस मीटरांहून मोठ्या व्यापारी जागा त्याच्या कक्षेबाहेर गेल्या. अशा गाळ्यांच्या बाबतीत प्रश्न पुन्हा १८८२ च्या अधिनियमाकडे, म्हणजे नोटीस आणि पावती यांच्याकडे वळला आहे. शतकापूर्वीचे ते उदाहरण संस्थांच्या चालकांनी आजही वाचण्याजोगे आहे.

या इतिहासातून दोन्ही पक्षांनी घेण्यासारखे काही आहे. गरजू भाडेकरूने आणलेली अर्धीमुर्धी रक्कम परतवून लावण्याची मालकाला गरज नाही. ती कोणत्या काळापोटी आहे, किती बाकी उरली आणि दावा कायम आहे, एवढे खरेपणाने लिहिले म्हणजे पुरे. भाडेकरूनेही रक्कम स्वीकारली गेली म्हणजे संकट टळले असे समजू नये. उरलेली बाकी मुदतीत भरणे अथवा न्यायालयात जमा करणे हेच त्याचे खरे संरक्षण आहे. आणि जोवर शेवटचा रुपया हाती आलेला नाही, तोवर ‘भरून पावलो’ हे शब्द कोणी लिहू नयेत व लिहवून घेऊ नयेत. संस्थांच्या कपाटांत पडून असलेली जुनी पावतीपुस्तके याच दृष्टीने जपली पाहिजेत. गावातल्या कोणत्या पेठेत कोण किती भाड्याने राहिले, कोणाचे किती थकले आणि ते कसे फिटले, याची साक्ष देणारे दुसरे साधन सहसा उपलब्ध नसते.